जुन्या स्पोर्ट्स कारचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

माझ्याकडे १९९९ सालची मर्सिडीज एसएलके २३० कॉम्प्रेसर आहे. दोन सीटची, पत्र्याचं छप्पर बटणावर डिकीत जाणारी, पाच गिअरच्या ऑटोमॅटिकची. बडोद्यात मकरपुऱ्याच्या जीआयडीसी औद्योगिक वसाहतीत माझी नोकरीची वर्षं हायड्रॉलिक प्रेसवर गेली, त्यामुळे ऑइलचं प्रेशर, वाल्व्ह आणि सील हे सगळं हातातलं आहे. हा गिअरबॉक्स मी दोनदा डोळ्यांसमोर उघडून घेतला आहे. बडोद्यात आणि आजूबाजूला अशा वयाच्या गाड्या बाळगणारे मराठी लोक बरेच आहेत, आणि त्यांचे फोन नव्वद टक्के याच एका भागावरून येतात. त्या प्रश्नांची ही उत्तरं.

माझी गाडी एसएलके नाही. तरी हे लागू पडेल का?

मर्सिडीजचा ७२२.६ नावाचा पाच गिअरचा बॉक्स असेल तर पडेल. १९९६ पासून हा बॉक्स त्यांच्या सी, ई, एस अशा बहुतेक गाड्यांत बसला. क्रायस्लर क्रॉसफायर तर पहिल्या एसएलकेच्याच सांगाड्यावर बनली होती. सुपरचार्जरवाली जग्वार एक्सकेआर आणि ९९६ पिढीतली पोर्शे ९११ टर्बो यांच्या ऑटोमॅटिकमध्येही हाच बॉक्स आहे. नाव आणि बिल्ला वेगळा, आतलं काम तेच. दुसऱ्या बनावटीचा बॉक्स असेल तर नेमके भाग बदलतील, पण तपासायचा क्रम तोच ठेवा.

मेकॅनिक बघताक्षणी म्हणाला, “काका, बॉक्स गयो.” खरंच गेला असेल का?

उघडून पाहिल्याशिवाय आणि स्कॅन केल्याशिवाय कुणी असं म्हणालं, तर गाडी तिथून हलवा. मला २०१७ मध्ये एका गॅरेजमध्ये हेच सांगण्यात आलं होतं. पूर्ण ओव्हरहॉलचा आकडाही कागदावर लिहून दिला होता. प्रत्यक्षात मागच्या डाव्या चाकाचा एबीएस सेन्सर, म्हणजे ब्रेक दाबल्यावर चाकं लॉक होऊ न देणाऱ्या यंत्रणेचा वेग मोजणारा सेन्सर, खराब निघाला.

तुम्ही म्हणाल, चाकाच्या सेन्सरचा गिअरबॉक्सशी काय संबंध? या बॉक्सला बाहेर जाणाऱ्या शाफ्टवर स्वतःचा वेग-सेन्सर नाहीच. गाडी किती वेगात चालली आहे हे तो एबीएसच्या चाकांच्या सेन्सरकडून वायरिंगमार्फत ऐकतो. आत येणारा वेग त्याला स्वतःच्या दोन सेन्सरवरून कळतो. या दोन आकड्यांचा मेळ बसला नाही की त्याला वाटतं क्लच स्लिप होतोय, आणि तो स्वतःला वाचवण्यासाठी गिअर बदलणं बंद करतो. टायरचंही तसंच. या गाडीला पुढे २०५/५५ आर १६ आणि मागे २२५/५० आर १६ अशी वेगळी मापं कंपनीकडून येतात. टायर मिळत नाहीत म्हणून कुणी हाताला लागेल ते माप चढवलं असेल, तर आधी ते बघा. बॉक्स खाली उतरवणं ही शेवटची पायरी आहे. बॅटरी, सेन्सर, वायरिंग आणि ऑइल या चार गोष्टी तपासून झाल्याशिवाय तिथे जायचं नाही.

गाडी अचानक जड झाली. पिकअप गेला, इंजिन ओरडतं, पण वेग वाढत नाही. काय झालं?

बॉक्स आपत्कालीन स्थितीत गेला आहे. गॅरेजवाले याला ‘लिम्प मोड’ म्हणतात. चालू असताना बिघाड सापडला तर तो आहे त्याच गिअरमध्ये अडकून राहतो. गाडी सुरक्षित जागी उभी करा, लिव्हर पी (पार्क) वर घ्या, इंजिन बंद करा, निदान दहा सेकंद थांबा आणि पुन्हा सुरू करा. आता पुढे जायला फक्त दुसरा गिअर मिळेल आणि रिव्हर्स मिळेल. एवढ्यावर हळूहळू घरापर्यंत जाता येतं. माझं हे पहिल्यांदा अहमदाबाद एक्सप्रेसवेवर झालं, आणंदच्या अलीकडे, भर मे महिन्यात. तिथून बडोद्यापर्यंत डाव्या कडेने चाळीसच्या वेगात आलो. गाडीला काहीही इजा झाली नाही.

पुन्हा सुरू केल्यावर सगळं सुरळीत झालं तरी विषय संपला असं धरू नका. काहीतरी कधी लागतंय, कधी सुटतंय, असा त्याचा अर्थ आहे. गाडी थंड असताना ठीक आणि अर्धा तास ट्रॅफिकमध्ये तापली की अडकते, असं असेल तर पुढचा कंडक्टर प्लेटचा प्रश्न नीट वाचा.

आधी काय तपासू?

बॅटरी. हसण्यावारी नेऊ नका. व्होल्टेज पडलं की या काळातल्या गाड्यांचे कंट्रोल युनिट (गाडीतले छोटे संगणक) खोट्या तक्रारी नोंदवतात. महिन्यातून दोनदा बाहेर निघणारी गाडी असेल तर बॅटरी कमजोर असणारच. इंजिन बंद असताना १२.५ व्होल्टच्या आसपास आणि चालू असताना १४ च्या आसपास दिसायला हवं.

मग स्कॅन. बाजारात मिळणारा स्वस्त कोड रीडर फक्त इंजिन वाचतो. गिअरबॉक्सच्या युनिटमध्ये शिरणारा, मर्सिडीज वाचता येणारा स्कॅनर लागतो. पी ०७०० हा कोड एवढंच सांगतो की गिअरबॉक्सकडे तक्रार आहे, जाऊन विचारा. पी ०७१५ म्हणजे आत येणाऱ्या वेगाचा सेन्सर. पी ०७३० म्हणजे गिअरचं प्रमाण जुळत नाही. पी ०७४० च्या आसपासचे कोड टॉर्क कन्व्हर्टरच्या लॉक-अप क्लचचे. टॉर्क कन्व्हर्टर म्हणजे इंजिनची ताकद ऑइलमार्फत बॉक्सकडे देणारा भाग, आणि लॉक-अप क्लच त्या दोघांना थेट जोडतो. कोड वहीत लिहून घ्या, पुसा, आणि गाडी चालवून बघा कोणता परत येतो. जो परत येतो तोच खरा.

कंडक्टर प्लेट म्हणजे नेमकं काय?

या बॉक्सच्या तळाशी ऑइलच्या चेंबरमध्ये वाल्व्ह बॉडी असते. अॅल्युमिनियमचा ठोकळा, त्यात ऑइलच्या वाटांचं जाळं. कोणत्या क्लचला किती प्रेशर द्यायचं हे इथे ठरतं. ते ठरवणारे सहा सोलेनॉइड, म्हणजे विजेवर उघडझाप करणारे वाल्व्ह, त्यावर बसलेले असतात. त्या सोलेनॉइडना वीज पोचवणारी आणि वरून घट्ट बसणारी प्लास्टिकची पाटी म्हणजे कंडक्टर प्लेट. आत येणारा वेग मोजणारे दोन सेन्सर, ऑइलच्या तापमानाचा सेन्सर आणि पी किंवा एन (न्यूट्रल) मध्येच गाडी स्टार्ट होऊ देणारा संपर्क, हे सगळं या एकाच पाटीत ओतलेलं आहे. पंचवीस वर्षं गरम ऑइलमध्ये बुडून राहिल्यावर आतले सेन्सर तापमानाला हार मानतात. थंडीत चालतात, तापल्यावर गप्प होतात.

लक्षणं ओळखीची आहेत. गरम झाल्यावर लिम्प मोड. वेग-सेन्सरचा कोड पुन्हा पुन्हा. कधीकधी पी मध्ये स्टार्ट होत नाही आणि एन मध्ये होते.

चांगली गोष्ट अशी की यासाठी बॉक्स उतरवावा लागत नाही. चेंबर खोला, फिल्टर ओढा, वाल्व्ह बॉडी खाली घ्या, पाटी बदला. हात स्वच्छ हवेत आणि जागा धुळीची नको, कारण वाल्व्ह बॉडीत गेलेला एक चिंधीचा धागासुद्धा वाल्व्ह अडकवू शकतो. सुती कापड अजिबात वापरू नका. पुढच्या पिढीच्या सात गिअरच्या बॉक्समध्ये कंट्रोल युनिटच या पाटीत घातलं आहे आणि ते त्या त्या गाडीशी बांधलेलं असतं, म्हणून तिथे खर्च फार वाढतो. आपल्या ७२२.६ मध्ये पाटीत फक्त सेन्सर आणि तारा आहेत. नवी आणा, बसवा, चालते. भंगारातून काढलेली मात्र घेऊ नका. तीही तेवढीच वर्षं त्याच ऑइलमध्ये शिजलेली असते.

वायरिंगच्या प्लगमधून ऑइल गळतं म्हणतात, ते काय?

बॉक्सच्या बाजूला तेरा पिनांचा प्लग जिथे आत शिरतो तिथे एक प्लास्टिकचा अडॅप्टर असतो, त्यावर दोन रबरी ओ-रिंग. त्या कडक झाल्या की ऑइल पाझरतं, चेंबरच्या कडेने खाली उतरतं आणि सगळे समजतात चेंबरचं गॅस्केट गेलं. गॅस्केट तीनदा बदलूनही थेंब थांबत नाही अशी तक्रार आली की मी आधी हाच अडॅप्टर बदलायला सांगतो. भाग छोटा, स्वस्त, पण दुर्लक्ष महाग पडतं: ऑइल वायरच्या आवरणातून केशाकर्षणाने चढत जातं, दिव्याच्या वातीत तेल चढतं तसंच, आणि थेट कंट्रोल युनिटच्या प्लगपर्यंत पोचतं. कंट्रोल युनिटचा प्लग काढून पाहिल्यावर पिना ओल्या दिसल्या तर हेच झालं आहे. कॉन्टॅक्ट क्लीनरने धुवा, खालचा अडॅप्टर बदला, आणि महिन्याभराने पुन्हा बघा, कारण वायरमध्ये अडकलेलं ऑइल येतच राहतं.

कंपनी म्हणायची ऑइल आयुष्यभराचं आहे. मग बदलायचं का?

बदला. आयुष्य कुणाचं, हा प्रश्न तेव्हा कुणी विचारला नाही. पुढे त्यांच्याच सर्व्हिसच्या वेळापत्रकात ऑइल बदलणं आलं. बडोद्याच्या मे महिन्यात सावलीत ४२-४३ अंश असतात. त्यात अलकापुरी ते मांडवी एवढ्या अंतरात गाडी दर दोन मिनिटांनी थांबते, म्हणजे टॉर्क कन्व्हर्टर सतत ऑइल घुसळत राहतो. युरोपातल्या आकड्यावर इथे चालता येत नाही. मी ६०,००० किलोमीटर किंवा पाच वर्षं, जे आधी येईल ते धरतो. इतिहास माहीत नसलेली गाडी विकत घेतली असेल तर पहिल्याच महिन्यात बदलतो.

कोणतं घालायचं यात मात्र हात सैल सोडू नका. मर्सिडीजच्या २३६.१४ या मान्यतेचं ऑइल या बॉक्सला चालतं. ते आधीच्या २३६.१० ची जागा घेतं. २३६.१५ हे नवं, निळं, पातळ ऑइल पुढच्या बॉक्ससाठी आहे, ते इथे नको. आणि ‘लालच आहे ना, मग झालं’ म्हणून पॉवर स्टीअरिंगच्या डब्यातलं ऑइल ओतणाऱ्याला बॉक्सच्या जवळ येऊ देऊ नका. लॉक-अप क्लच किंचित घसरत राहील आणि तरीही थरथरणार नाही, असं घर्षण त्या ऑइलने द्यायचं असतं. रंगाचा त्याच्याशी काही संबंध नाही.

पूर्ण बॉक्समध्ये सुमारे साडेसात ते आठ लिटर बसतं, पण चेंबर खोलल्यावर निम्मंच बाहेर येतं. उरलेलं टॉर्क कन्व्हर्टरमध्ये राहतं. जुन्या कन्व्हर्टरला खाली ड्रेन बोल्ट आहे. इंजिन हाताने फिरवून तो खिडकीसमोर आणला की तिथूनही निघतं. नंतरच्या कन्व्हर्टरना तो बोल्ट नाही. त्या गाड्यांचं मी हजार किलोमीटरच्या अंतराने दोनदा बदलतो. चेंबरचे सहा बोल्ट आहेत, टी-३० टॉर्क्सचे, आणि त्यांना फक्त ८ न्यूटन-मीटर ताकद लागते. आपले फिटर सवयीने एवढे आवळतात की आटे निघतात, आणि मग अॅल्युमिनियमच्या केसिंगला हेलिकॉइल (नव्या आट्यांची स्प्रिंग) घालायला लेथवाल्याकडे जावं लागतं.

चेंबरमधलं चुंबक पुसण्याआधी नीट बघा. करडी, मऊ, काजळासारखी पेस्ट असणं साहजिक आहे. चमकणारे कण किंवा टोचणारे तुकडे दिसले तर आत धातू धातूला घासतोय. काळे पापुद्रे म्हणजे क्लच प्लेटचं अस्तर सुटतंय. ऑइलचा वासही घ्या. जळका वास एकदा ओळखला की विसरत नाही.

डिपस्टिकची नळी आहे, पण आत डिपस्टिकच नाही. कुणी काढली?

कुणी नाही. कंपनीने दिलीच नव्हती. लाल टोपी आणि तिला प्लास्टिकची खिट्टी, बस. मोजायची लांब पट्टी वेगळी मिळते, तीवर २५ आणि ८० अंशांच्या खुणा असतात. ८० ची खूण खरी धरा. सपाट जमिनीवर, इंजिन चालू ठेवून, लिव्हर सगळ्या जागांवरून फिरवून पी मध्ये आणून मोजायचं.

इथे एक गंमतीची अडचण आहे. ऑइलचा तापमान-सेन्सर त्या स्टार्टच्या संपर्काच्या ओळीतच जोडला आहे, म्हणून पी आणि एन मध्ये स्कॅनरवर ऑइलचं खरं तापमान दिसत नाही. ब्रेक दाबून, हँडब्रेक लावून डी (ड्राइव्ह) मध्ये घ्या, आकडा वाचा, मग पी मध्ये येऊन पट्टी घाला. कमी ऑइल असेल तर पंप हवा ओढतो आणि वळणावर किंवा चढावर गिअर सुटल्यासारखा वाटतो. जास्त असेल तर ऑइल घुसळून फेस येतो, आणि फेसाला प्रेशर धरता येत नाही. दोन्हींची लक्षणं सारखीच, म्हणून अंदाजाने अर्धा लिटर ‘वरून’ घालणं टाळा.

डी किंवा रिव्हर्स टाकताच मागून धक्का बसतो.

बॉक्सखेरीज बाकी सगळं आधी बघा. इंजिनचे आणि गिअरबॉक्सचे माऊंटिंग पंचवीस वर्षांत बसतात. त्याहून जास्त वेळा मला प्रोपेलर शाफ्टच्या (बॉक्सपासून मागच्या चाकांकडे जाणाऱ्या दांड्याच्या) दोन्ही टोकांचे जाड रबरी चकती-जोड फाटलेले सापडले आहेत. रॅम्पवर घेऊन टॉर्च मारली की बोल्टच्या भोवती चिरा दिसतात. ते वेळेत बदला. चालत्या गाडीत तुटले तर शाफ्ट खाली आपटतो. इंजिनचं आयडलिंग जास्त असेल तरीही धक्का बसतो.

हवा मोजणारा सेन्सर हा आणखी एक लपलेला गुन्हेगार. इंजिनवर किती लोड आहे हे त्यावरून कळतं, आणि गिअर किती मऊ किंवा कडक बदलायचा हे बॉक्स त्या लोडवरून ठरवतो. या इंजिनांत तो सेन्सर हमखास कमजोर होतो.

साठच्या वेगात हलकी रेस असताना गाडी थरथरते, जणू रस्त्यावर बारीक पट्टे आहेत.

टॉर्क कन्व्हर्टरचा लॉक-अप क्लच. रेस जरा वाढवली किंवा सोडली की थरथर जाते, हीच त्याची खूण. सुरुवातीचं असेल तर योग्य ऑइल पूर्ण बदलल्यावर बऱ्याचदा जातं. नाही गेलं तर कन्व्हर्टर कापून दुरुस्त करणारा माणूस शोधावा लागतो.

गिअर बदलताना इंजिनचे फेरे उसळतात आणि मग गिअर पकडतो.

ही तक्रार मी गंभीर धरतो. ऑइलची पातळी, योग्य ऑइल आणि प्रेशरचा सोलेनॉइड तपासा. सगळं ठीक असूनही उसळी राहिली तर क्लच झिजला आहे. अशी गाडी ‘चालतेय तोवर’ चालवू नका. झिजलेल्या अस्तराचा चुरा वाल्व्ह बॉडीत जातो आणि खर्च दुप्पट होतो.

पुराच्या पाण्यात गाडी उभी होती. आता काय?

हा प्रश्न बडोद्यात दर काही वर्षांनी येतोच. ३१ जुलै २०१९ ला एका दिवसात ५०० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडला. ऑगस्ट २०२४ मध्ये विश्वामित्री नदी धोक्याच्या २५ फुटांवरून ३५ च्याही वर गेली आणि समा, अकोटा, वडसर भागांत तळघरातल्या गाड्या छतापर्यंत बुडाल्या. मगरींच्या बातम्या सगळ्यांनी पाहिल्या. गिअरबॉक्सचं काय झालं ते गॅरेजवाल्यांनी पाहिलं.

बॉक्स सीलबंद नसतो. त्याला श्वास घ्यायला एक छिद्र आहे. त्यातून आणि नळीच्या टोपीच्या कडेने पाणी आत जातं. क्लच प्लेटचं अस्तर कागदासारख्या पदार्थाचं आणि चिकटवलेलं असतं. पाणी ते फुगवतं आणि चिकटपणा मारतं. म्हणून पाणी बॉक्सच्या वर गेलं असेल तर गाडी सुरू करायची नाही. चावीसुद्धा फिरवायची नाही. ‘फक्त एकदा बघतो’ म्हणून सुरू केल्यावर पंप ते पाणी प्रत्येक क्लचपर्यंत पोचवतो. आधी चेंबरचा बोल्ट सैल करा. स्ट्रॉबेरी मिल्कशेकसारखं गुलाबी काही आलं, तर चेंबर, फिल्टर, कन्व्हर्टर सगळं रिकामं करून नवं ऑइल भरा, थोडं चालवून पुन्हा काढा, आणि रंग स्वच्छ लाल येईपर्यंत हे करत राहा. पहिल्या दोन-चार दिवसांत केलं तर बॉक्स वाचू शकतो. विम्याच्या सर्व्हेअरची वाट बघायची असेल तर निदान ऑइल खाली काढण्याची परवानगी त्याच्याकडून फोनवर घ्या, फोटो काढून ठेवा.

पूर आला नाही, तरी ऑइल गुलाबी झालं.

रेडिएटर. बॉक्सचं ऑइल रेडिएटरच्या आतल्या छोट्या कूलरमधून फिरतं. तिथली भिंत फुटली की कूलंट ऑइलमध्ये मिसळतं, आणि कूलंटमधलं ग्लायकॉलही क्लचच्या अस्तराला घातक आहे. वर्षानुवर्षं सोसायटीच्या बोअरचं क्षाराचं पाणी रेडिएटरमध्ये ओतलं की आतून गंज चढतो. डिस्टिल्ड पाणी आणि योग्य कूलंट, एवढंच वापरा. एवढ्या वयाच्या गाडीचा मूळ रेडिएटर मी फुटण्याची वाट न बघता बदलला.

लिव्हर पी मधून हलतच नाही.

ब्रेकचे मागचे दिवे लागतात का बघा. लागत नसतील तर पेडलवरचा ब्रेक स्विच गेला, आणि ब्रेक दाबल्याचं लिव्हरच्या कुलपाला कळत नाही. बॅटरी उतरली असेल तरी हेच होतं.

बंद पडली तर ओढून नेऊ का? धक्का मारून सुरू होईल का?

धक्क्याने सुरू होणार नाही. ऑइलचा पंप इंजिनवर फिरतो, आणि इंजिन बंद असताना बॉक्समध्ये प्रेशरच नसतं. त्याच कारणाने मागची चाकं जमिनीवर ठेवून लांब ओढलं तर आतले भाग कोरडे फिरतात. सपाट पाठीचा टेम्पो बोलवा. मागची चाकं उचलणारी क्रेनही चालेल.

शेवटी ओव्हरहॉल करायचाच ठरला, तर कुणाकडे?

ज्याच्याकडे वाल्व्ह बॉडी उघडायला वेगळं, बंद टेबल आहे त्याच्याकडे. आधी जाऊन त्याची जागा बघा. त्याने याच नंबरचा बॉक्स पूर्वी केला आहे का ते विचारा, आणि जुने भाग परत द्यायचे हे आधी ठरवा. कन्व्हर्टरचं काम न करता फक्त क्लच प्लेट बदलून देणारा स्वस्त पडतो, पण जुन्या कन्व्हर्टरमधला चुरा नव्या बॉक्समध्ये फिरतो. कूलरच्या नळ्याही धुऊन घ्यायला लावा.

भंगारातून आणलेला दुसरा बॉक्स बसवण्याचा सल्ला मिळेल. त्याचा इतिहास कुणालाच माहीत नसतो. तुमचा बॉक्स निदान कुठे दुखतोय ते तुम्हाला कळलेलं आहे.

एवढं करण्यापेक्षा गाडी विकून टाकावी का?

हे मला माझा भाऊ दर दिवाळीला विचारतो. आपल्याकडच्या नियमात व्हिंटेजचा दर्जा पन्नास वर्षं पूर्ण झालेल्या गाडीला मिळतो. जानेवारी २०२३ मध्ये लक्ष्मी विलास पॅलेसच्या हिरवळीवर जुन्या गाड्यांचा मोठा सोहळा झाला. तिथे उभ्या असलेल्या गाड्याही कधीतरी पंचवीस वर्षांच्या होत्या, आणि त्या वयात कुणीतरी त्यांचं ऑइल बदलत राहिलं म्हणून त्या तिथपर्यंत पोचल्या. माझ्या गाडीचं पुढचं ऑइल येत्या फेब्रुवारीत आहे, उन्हाळ्याच्या आधी. दोन फिल्टर आणि गॅस्केट आणून ठेवले आहेत. बडोद्यात कुणाला बघायला यायचं असेल तर चेंबर उघडेन तेव्हा समोर उभं राहून बघा. वाचण्यापेक्षा ते चुंबक हातात घेतलं की जास्त कळतं.